साबण : एका शब्दाची कैफियत

कोल्हापुराहून पुणे-बंगळूर हमरस्त्याने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी कागल मागे टाकतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि कोगनोळीस पोचतो. तेथे पाट्यांची लिपी बदलते, सरकार बदलते, मोटारीच्या क्रमांकाची अक्षरे बदलतात. बोली मात्र बदलत नाही. नाक्याजवळच्या किराणा दुकानात घटकाभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मागणे ऐकावे. एक जण 'साबण' मागतो, दुसरा 'साबूनु' मागतो, कारवारकडचा एखादा लॉरीवाला 'साबू' म्हणतो आणि शाळकरी पोर 'सोप' म्हणून मोकळे होते. दुकानदार चौघांनाही एकाच फळीवरून तीच वडी काढून देतो. दुभाष्याची गरज कोणासच पडत नाही.

या शब्दाकडे आमचे लक्ष गेले ते मात्र दुकानात नव्हे, कोर्टात. किराणा मालाच्या एका चोरीचे प्रकरण होते. फिर्याद मराठी, पंचनामा कन्नड आणि साक्षीला आलेली वृद्ध बाई माहेरची कोकणी. तिन्ही कागदांत आणि तिन्ही तोंडांत चोरीस गेलेल्या मालाची नावे निरनिराळी पडली. तांदूळ, गूळ, तेल या प्रत्येकाचा उलगडा करावा लागला. एका साबणापाशीच कोणी अडले नाही. प्रकरण संपल्यावर वकिलांच्या खोलीत चहा घेताना आमच्या एका कन्नड स्नेह्याने सहज म्हटले, "हा शब्द आमचाच, तुम्ही उचललात." कोकणी स्नेह्याने उत्तर दिले, "तुमचा कसला? तो गोव्यातून घाट चढून आला." आम्ही मराठी पक्षातर्फे काय बोलावे, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. सीमाभागात राहणाऱ्या माणसास हक्कसंबंधाचा वाद नवा नसतो, तेव्हा हा वादही रीतसर चालवून पाहावा असे मनात आले. पुढील मजकूर ही त्याचीच कैफियत होय.

पहिला मुद्दा असा की साबण येण्यापूर्वी आमचे लोक काय वापरीत होते. ते अस्वच्छ राहत होते असे मानणे निखालस चूक ठरेल. भांड्यांस राख आणि काथ्या, तांब्यापितळेस चिंच, केसांस शिकेकाई, रेशमी व लोकरी वस्त्रांस रिठा, अंगास उटणे किंवा डाळीचे पीठ, असा प्रत्येक मळास त्याचा त्याचा उतारा ठरलेला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रांच्या शुद्धीचे नियम आहेत. त्यांत रेशीम आणि लोकर यांस खारी माती, डोंगरी बकऱ्याच्या लोकरीच्या कांबळ्यांस रिठे, तलम वस्त्रांस बेलफळ आणि जवसाच्या तागांच्या वस्त्रांस पांढरी मोहरी सांगितली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे आमच्याच व्यवसायातील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीचे प्रकरण आहे. वकिलीच्या अभ्यासासाठी ते चाळताना हा परिटाच्या कामाचा भाग आम्हांस दायभागापेक्षा अधिक जिवंत वाटला होता.

या जुन्या वस्तूंची नावेही पाहण्यासारखी आहेत. 'रिठा' हा संस्कृत 'अरिष्टक' याचा वंशज. त्याचे दुसरे संस्कृत नाव 'फेनिल', म्हणजे फेस देणारा. 'उटणे' हे 'उद्वर्तन' या शब्दापासून आले. परंतु 'शिकेकाई'चे काय? तिच्यातील 'काई' हे कन्नड 'कायी' होय. कायी म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. कोगनोळीच्या बाजारात 'तेंगिनकायी' आणि 'बदनेकायी' हे शब्द ज्याच्या कानावर पडतात, त्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. कन्नडात 'सीगेकायी' आणि तमिळमध्येही तिच्याच जवळचे नाव. म्हणजे पुण्याच्या सोवळ्यातल्या घरात दिवाळीच्या पहाटे जी वस्तू केसांस लागत आली, तिचे नाव कृष्णेच्या दक्षिणेकडून वर गेले. आमच्या कन्नड स्नेह्याचा दावा साबणावर टिकेल की नाही ते पुढे पाहू. शिकेकाईवरचा त्यांचा हक्क मात्र आम्ही येथेच बिनशर्त मान्य करतो.

आता मुख्य वाद. 'साबण' या शब्दाच्या मालकीचे दोन प्रबळ दावेदार आहेत. पहिला पोर्तुगीज, ज्याच्या भाषेत साबणास 'साबांव' असा सानुनासिक उच्चार असलेला शब्द आहे. दुसरा अरबी, ज्याच्या भाषेत 'साबून' आहे आणि जो फारसीच्या हाताने हिंदुस्थानात आला.

पोर्तुगीज पक्षाचा पुरावा प्रथम ऐकू. तो प्रामुख्याने शेजारपाजारचा आहे, पण वजनदार आहे. आपल्या न्हाणीघरात डोकावून पाहा. पाणी ज्यात भरले ती 'बालदी' पोर्तुगीज 'बाल्द' होय. साठवणीचे 'पिंप' म्हणजे 'पीपा'. पाणी तापवण्याचा 'बंब' हा मूळचा 'बोंबा', त्याचा अर्थ पंप. 'घमेले' हे 'गामेला'. कोकणी माणूस अंग पुसतो तो 'तुवालो' पोर्तुगीज 'तोआल्या'पासून झाला. ज्या घरात बालदी, पिंप, बंब, घमेले आणि तुवालो ही सारी मंडळी एकाच जहाजातून उतरली, तेथे मधला साबण तेवढा दुसऱ्या जहाजातून आला असे मानावे तरी कसे? शिवाय श्रीलंकेत पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी पोचले आणि सिंहली भाषेत साबणास 'सबन्' म्हणतात. हुगळीकाठी त्यांच्या वखारी होत्या आणि बंगालीत 'साबान' म्हणतात. आपल्या 'साबणा'शी हे दोन्ही शब्द किती जवळचे आहेत! मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फ दालगाद हे आसगावचे गोमंतकीय विद्वान. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावावर त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या बोलण्यात पोर्तुगीजांचे देणे केवढे आहे हे त्यांच्या श्रमामुळेच जगास कळले. हा पक्ष हलका नव्हे.

आता अरबी-फारसी पक्ष. त्याचा पहिला मुद्दा उच्चाराचा. पोर्तुगीज शब्दांतील शेवटचा 'आंव' मराठीत आला की त्याचे काय होते, याचे दाखले आपल्या तोंडी आहेत. 'पांव'चा मराठीत 'पाव' झाला. 'लेइलांव'चा 'लिलाव' झाला. कोर्टाच्या बेलिफाने पुकारलेला प्रत्येक लिलाव या नियमाची साक्ष देतो. कोकणीत 'बोतांव'चा 'बुतांव' झाला. या नियमाने 'साबांव'चा मराठीत 'साबाव' व्हावयास हवा होता. तो झाला नाही. शेवटी 'ण' आला. हा 'ण' कोठून आला? अरबी-फारसी शब्दांच्या शेवटचा 'न' मराठीत कित्येकदा 'ण' होतो. 'निशान'चे 'निशाण' झाले, 'कुरान'चे 'कुराण' झाले. त्याच चालीने 'साबून'चा शेवट 'ण'वर होणे स्वाभाविक आहे.

दुसरा मुद्दा काळाचा. शीखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ साली झाले. त्यातील गुरू नानकांच्या जपुजीत मळलेल्या वस्त्राचा आणि साबणाचा दृष्टान्त आहे, आणि तेथे शब्द येतो तो 'साबूण' असा, 'ण'सह. गुरू नानक १५३९ साली निवर्तले. पंजाबात पोर्तुगीजांची सत्ता कधीच नव्हती. कबीरांच्या नावावर असलेल्या एका सुप्रसिद्ध दोह्यातही साबण आहे. परंतु त्या दोह्याचा कर्ता आणि काळ तोंडी परंपरेवर उभा आहे. ऐकीव पुराव्यास आम्ही द्यावे तेवढेच वजन देऊ. लेखी पुरावा आदिग्रंथाचा असताना त्याची गरजही नाही.

तिसरा मुद्दा वहिवाटीचा. अरब व्यापाऱ्यांची कोकणच्या बंदरांशी ये-जा पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासूनची. अल्-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलास येऊन गेला. पुढे बहामनी आणि आदिलशाही राजवटींत फारसी ही दरबारची भाषा झाली. आणि येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अल्फोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवे घेतले ते आदिलशाहीकडूनच. ज्या राजवटीत आमचा घाटमाथ्यावरचा मुलूख होता, त्याच राजवटीत तत्पूर्वी गोवेही होते. म्हणजे 'साबून' हा शब्द गोव्याच्या बंदरात पोर्तुगीज उतरण्यापूर्वीच येऊन बसलेला असण्यास काही प्रत्यवाय नाही.

मग निकाल काय? शेवटच्या वर्णाचा पुरावा आणि काळाचा पुरावा दोन्ही अरबी-फारसी पक्षाकडे आहेत, तेव्हा मूळ हक्क त्या पक्षाचा धरावा असे आमचे मत आहे. परंतु एक शंका उरते ती लपवू नये. 'साबूण' यातील दीर्घ 'ऊ' मराठीत नाहीसा होऊन 'साबण' कसे झाले? निशाण आणि कुराण यांतील 'आ' तर जागच्या जागी राहिला. सिंहली व बंगाली शब्दांतील 'अ' आणि 'आ' पाहता किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज उच्चाराचा धक्का या शब्दास लागला असणे शक्य आहे. या एका स्वरापुरता शंकेचा फायदा आम्ही पोर्तुगीज पक्षास देतो. कन्नड 'साबूनु'ने मात्र आपला दीर्घ 'ऊ' शाबूत राखला आहे. तेव्हा आमच्या कन्नड स्नेह्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मूळचे रूप त्यांच्याकडे आमच्यापेक्षा अधिक नीट टिकले.

निकाल देऊन कागद गुंडाळावा तोच आणखी एक दस्तऐवज पुढे येतो आणि दोन्ही पक्षकारांची गंमत होते. पोर्तुगीज 'साबांव' लॅटिन 'सापो' या शब्दाचा वंशज. अरबी 'साबून'ही अखेर ग्रीक व लॅटिन जगातल्या त्याच शब्दाकडे जाऊन पोचतो. रोमन लेखक प्लिनी इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात 'सापो' ही गॉल लोकांची वस्तू म्हणून येते. ती चरबी आणि राख यांपासून करीत आणि तिचा उपयोग केस तांबूस करण्याकडे होई. म्हणजे मूळ साबण धुण्यासाठी नव्हताच, तो कलप होता! एकाच आजोबांचे दोन नातू, एक समुद्रमार्गे आणि एक खुष्कीच्या मार्गे, आमच्या दाराशी आले आणि वाटणीसाठी भांडू लागले, असा हा प्रकार. आणि गंमत येथेही संपत नाही. आमच्या रिठ्यास युरोपी वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'सापिंडस' हे नाव दिले. त्याचा विग्रह 'सापो इंडिकस', म्हणजे हिंदुस्थानचा साबण. रिठ्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्यासही 'सॅपोनिन' हेच नाव मिळाले. आमचा फेनिल असा त्यांच्या गोत्रात दत्तक गेला.

देवघेव एकतर्फी नव्हती, याचा दाखला त्याच धुण्याच्या दगडावर मिळतो. पांढऱ्या कपड्यांस शेवटी जी नीळ घालतात, तो शब्द संस्कृत 'नील'. तो फारसीतून अरबांकडे गेला, अरबांकडून पोर्तुगीजांकडे जाऊन 'आनील' झाला. साबण इकडे आला, नीळ तिकडे गेली. आमच्या घरच्या बायकांनी हे दोन्ही शब्द एकाच बादलीत बुडवले आणि त्यांस त्याचे काही विशेष वाटले नाही.

शब्दाच्या जन्माचा विचार झाला; आता त्याच्या संसाराचा. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची. एकोणिसाव्या शतकात शब्द रूढ होता यात शंका नाही. परंतु वस्तू घरोघर पोचली होती असे म्हणता येत नाही. याचा एक पुरावा आमच्या वाक्प्रचारांत आहे. निर्दोष माणूस 'धुतल्या तांदळासारखा' असतो. मागे लागणारा 'हात धुवून' मागे लागतो. नीटनेटक्या माणसाचे कपडे 'परीटघडी'चे असतात. या साऱ्यांत पाणी आहे, तांदूळ आहे, परीट आहे; साबण नाही. जी वस्तू पिढ्यानपिढ्या चुलीशेजारी बसते ती म्हणींत शिरते. साबण पाहुणा म्हणून आला आणि बराच काळ पाहुणाच राहिला.

पाहुणेपणाची खूण खेड्यांतील बोलण्यात आजही आहे. आमच्याकडे जुनी माणसे अंगाच्या साबणास 'वासाचा साबण' म्हणत. कपड्यांचा तो नुसता साबण, आणि वासाचा तो विशेष. लग्न ठरलेल्या मुलीस, बाळंतिणीस आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यास वासाचा साबण काढून देत. पाहुणा गेला की उरलेली वडी वाळवून पुन्हा कागदात गुंडाळून ठेवीत. दिवाळीच्या अभ्यंगास उटण्यानंतर 'मोती' साबणाची गोल जाड वडी निघे. तो साबण टाटांच्या तेल गिरण्यांचा. त्याने मराठी माणसाच्या नरकचतुर्दशीत जी जागा मिळवली, ती शास्त्राने दिलेली नाही, पण आता शास्त्राइतकीच पक्की आहे.

विलायती साबणाची आयात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लीव्हर बंधूंच्या 'सनलाइट' साबणाची खोकी १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरली. 'लाइफबॉय' १८९५ साली आला. त्यास देशी उत्तर देणाऱ्यांत एक माणूस आमच्या व्यवसायातला होता, म्हणून त्याचा उल्लेख थोड्या अभिमानाने करतो. अर्देशीर गोदरेज हे वकील. एका खटल्याच्या कामासाठी ते झांझिबारला गेले असता, पक्षकारासाठी असत्य बोलणे त्यांस मानवले नाही आणि त्यांनी वकिली सोडली. १८९७ साली त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढे १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पतींच्या तेलापासून साबण केला. सुरुवातीस ज्यांनी साबण देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता, त्यांची मुख्य हरकत चरबीचीच होती. ती अशी दूर झाली. गोदरेजांच्या साबणाच्या जाहिरातीस रवीन्द्रनाथांनी आपले नाव दिले, आणि टिळक स्वराज्य फंडास गोदरेजांनी तीन लाख रुपये दिले. दक्षिणेत त्याच काळात म्हैसूर संस्थानाने चंदनाच्या तेलाचा व साबणाचा उद्योग उभारला. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी चंदन घरीच उपयोगात आणले. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याचे जुने नोकर. त्यामुळे त्या साबणाचा सुगंध आम्हां सीमेवरच्या लोकांस दोन्ही बाजूंनी आपला वाटतो.

१९५९ साली 'सर्फ' आणि १९६९ साली अहमदाबादचा 'निरमा' बाजारात आला, आणि शब्दार्थाचा नवाच प्रश्न उभा राहिला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि क्षार यांचा संयोग. विहिरीच्या खाऱ्या, जड पाण्यात त्याचा फेस न होता चोथा बनतो. पाण्यातला चुना त्यास धरून ठेवतो. नवी चूर्णे खनिज तेलापासून काढलेल्या द्रव्यांची, आणि जड पाण्यातही ती फेसाळतात. म्हणजे ती साबण नव्हेत. जकातीच्या कोष्टकातही साबण एका सदरात आणि ही द्रव्ये पुढच्या सदरात आहेत. परंतु कोगनोळीच्या दुकानात या भेदास कोणी विचारत नाही. त्या द्रव्याची वडी केली की ती 'साबण', भुकटी असली की 'पावडर', आणि पावडर कोणत्याही कारखान्याची असो, तिला 'निरमा' म्हणणारे पुष्कळ. यात चूक कोणाची? विड्याचे पान ही 'भाजी' आहे काय, असा प्रश्न अकोल्याच्या एका विक्रीकराच्या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ बाजूस ठेवला आणि बाजारात माणसे तो शब्द ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ घेतला. पान भाजी ठरले नाही. हाच न्याय लावला तर दगडावर घासून मळ काढणारी वडी ती साबण, हा दुकानदाराचा अर्थ अगदी कायदेशीर आहे.

येथवर लिहून थांबता आले असते. परंतु या शब्दाचा एक उपयोग असा आहे की तो आमच्या घरातला असून त्याविषयी आम्ही आजवर कोठे लिहिले नाही, आणि तो टाळून ही कैफियत पुरी होणार नाही.

आमच्या लहानपणी मळ्यात तंबाखू होती. निपाणीचा सारा परिसर तंबाखूवर जगत असे. पाने खुडणाऱ्या बायांच्या हातांवर चिकट काळे राप चढत. नुसत्या पाण्याने ते निघत नसत. विहिरीवर त्यांच्यासाठी साबणाचा एक तुकडा ठेवलेला असे. आमचा साबण निराळा. त्यांच्या तुकड्यास आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, हे आम्हांस कोणी शिकवल्याचे आठवत नाही. आम्हांस ते ठाऊक होते. त्यांचा तुकडा दगडाच्या खोबणीत, आमची वडी न्हाणीत. एकदा खेळताना आमचे हात चिखलाने भरले आणि जवळचा म्हणून तो तुकडा घेऊन आम्ही हात धुतले. आजीने पाहिले. तिने आम्हांस मारले नाही. नुसते पुन्हा हात धुवावयास लावले, आमच्या साबणाने. साबणाने धुतलेले हात साबणानेच पुन्हा का धुवावयाचे, हा प्रश्न आम्ही त्या वेळी विचारला नाही.

उत्तर वकिलीच्या अभ्यासात सापडले. स्वच्छ आणि शुद्ध हे दोन शब्द आम्ही एकाच अर्थाने वापरीत असलो तरी ते एक नव्हेत. कन्नडात 'मडि' या एकाच शब्दात धुतलेले आणि सोवळे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत 'धुतलेले' आणि 'सोवळे' असे दोन शब्द आहेत. पण शब्द दोन असोत की एक, मनातली गाठ दोन्हीकडे सारखीच. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले. त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. ज्यास स्वच्छतेची थोडीदेखील जाण आहे, त्याने या कृत्यास काय म्हणावे? पुढे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांस मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही. हे महाड दूर होते असेही म्हणता येत नाही. त्याआधी सात वर्षे, मार्च १९२० मध्ये, आमच्या शेजारच्या कागल जहागिरीतील माणगावास बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती आणि तेथे राजर्षी शाहू छत्रपतींनी डॉ. आंबेडकरांचा गौरव केला होता. आमच्या मळ्यातल्या दगडाच्या खोबणीपर्यंत ती बातमी पोचावयास साठ-सत्तर वर्षे लागली.

या देशात दुसऱ्याचा मळ काढणाऱ्यालाच मलिन ठरवण्याची चाल फार जुनी. बारा बलुत्यांतल्या परिटावाचून गावाचा विवाह होत नसे, पण पंगतीत त्याची जागा कोठे असे हे सांगावयास नको. तरीही याच वर्गाने आमच्या दोन्ही भाषांस मोठी माणसे दिली. बसवेश्वरांच्या काळी कल्याणात शरणांची वस्त्रे धुणारे मडिवाळ माचिदेव हे कन्नड वचनकारांत मानाचे. आणि महाराष्ट्रात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आयुष्यभर गावे झाडीत फिरले व १९५६ साली देह ठेवीपर्यंत थांबले नाहीत. दोघांनीही धुण्याचे काम सोडले नाही. त्या कामास चिकटलेली हीनता तेवढी नाकारली.

२०२० आणि २०२१ सालच्या साथीत कोगनोळीच्या नाक्यावर दोन राज्यांची वाहने अडवली जात, दाखले तपासले जात. साथीने 'सॅनिटायझर' हा नवा शब्द लहान मुलांच्याही तोंडी घातला. परंतु वैद्य सांगत होते ते जुनेच: साबण लावा आणि हात वीस सेकंद चोळा. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्यास धरते व दुसरे स्निग्ध पदार्थास. त्या विषाणूचे बाह्य कवच स्निग्ध असते, म्हणून साबणापुढे ते फाटते. हात कोणाचा, कोणत्या राज्याचा, कोणत्या जातीचा, हे साबणास विचारता येत नाही. त्या दिवसांत आमच्या घराच्या दारात एक बादली आणि एक वडी ठेवलेली होती. दूधवाला, पोस्टमन, मळ्यातल्या बाया, आम्ही स्वतः, सर्वांनी तीच वडी वापरली. आजी तेव्हा हयात नव्हती. ती असती तर काय म्हणाली असती, याचा तर्क आम्ही करीत नाही. पण साथीच्या भीतीने जे एका दिवसात घडले, ते भीतीवाचून इतकी वर्षे आम्हांस का साधले नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा लागावयाचा तेव्हा लागेल, आणि आमची बाजू काय हे वाचकांस ठाऊकच आहे. साबणाच्या दाव्यापुरते बोलावयाचे तर आम्ही तो वकिलांच्या खोलीतच निकालात काढला. कन्नड स्नेह्यास मूळ रूपाचा मान दिला, कोकणी स्नेह्यास एका स्वराचा वाटा दिला, आणि मराठीकडे 'ण' राहिला. चहाचे पैसे कोणी द्यावयाचे एवढाच मुद्दा शिल्लक होता.

मळ्यातली ती विहीर आता बुजली आहे. दगड मात्र अजून तेथेच आहे, खोबणीसह. मध्यंतरी गेलो असता आम्ही त्या खोबणीत बोट घालून पाहिले. गुळगुळीत होती, पुष्कळ वर्षे पुष्कळ साबण तेथे झिजला होता.